काळ्या दोऱ्याच्या बाटल्या

त्या रविवारची आठवण अजूनही माझ्या जपाच्या मध्येच येऊन उभी राहते. माळेचा मणी बोटांत तसाच थांबतो, आणि ठाण्याच्या पायरीवर नऊ वर्षांच्या मुलीला खांद्यावर टाकून उभी असलेली एक बाई दिसू लागते. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतील बहुतेकांचे तपशील आता जुन्या कागदांवरील शाईइतके फिकट झाले आहेत. या प्रकरणात रक्त सांडले नाही, कोणी फरारी झाले नाही, वृत्तपत्रात चार ओळीही आल्या नाहीत. तरीही ते फिकट होत नाही. संबंधितांपैकी काही जण आजही हयात आहेत, म्हणून कोणाचेही नाव लिहीत नाही.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. नवा जिल्हा म्हणजे नवी कार्यालये, नव्या पाट्या आणि नव्या खुर्च्या. मी किनवटच्या जंगलपट्ट्यात तीन वर्षे फौजदार म्हणून काढली होती आणि नव्या मुख्यालयातील ठाणे मिळावे म्हणून रीतसर अर्ज केला होता. ते ठाणे माझ्या एका समकालीनाला मिळाले. आम्ही प्रशिक्षणाला एकत्र होतो. कवायतीत तो माझ्या मागच्या रांगेत असे. मला औशाच्या पुढचे एक बाजारगाव मिळाले. ठाण्यात आठ माणसे, आणि दोघांनी ढकलल्याखेरीज सुरू न होणारी एक जीप.

माझे वडील वेदपाठशाळेत शिकवीत. षड्रिपूंची यादी मला मुंजीच्या आधीपासून पाठ होती. त्या यादीत मत्सर सहावा, शेवटचा येतो; म्हणून की काय, तो आपल्यापर्यंत पोहोचणार नाही असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात सकाळच्या संध्येत आचमनाच्या पाण्याबरोबर मी तो रोज गिळत असे. जिल्हा बैठकीला गेलो की समकालीनाची नवी जीप आधी डोळ्यांत भरे, आणि मग वरिष्ठांना नमस्कार घडे.

त्यात दुष्काळाचे दुसरे वर्ष. गावाला टँकरने पाणी येई, आणि टँकर आला की घागरींच्या रांगेत डोकी फुटत. माझी निम्मी माणसे पाण्याच्या बंदोबस्तावर असत. मोंढ्यात धान्य नव्हते, त्यामुळे हमालांना काम नव्हते. त्यांच्या बायका रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जात.

अशा दिवसांत वरिष्ठ कार्यालयाकडून एक निनावी अर्ज चौकशीसाठी आला. गावातील एका सरकारी कार्यालयातील लिपिकाविरुद्ध तो होता. लिपिकाच्या मुलीला लहानपणापासून मधुमेह होता. तिला रोज दोन वेळा इन्सुलिनची सुई द्यावी लागे. सरकारी नोकराला अशा औषधांचा खर्च बिले सादर केल्यावर परत मिळतो. अर्जात लिहिले होते: ‘सदर इसमाच्या मुलीस महिन्याला दोन बाटल्या लागतात. तो चार बाटल्यांचा पैसा सरकारातून उचलतो. वरच्या दोन विकून खातो. घरात फ्रीज आहे, त्यात पाहावे.’

माझा हवालदार त्या भागातलाच, निवृत्तीला आलेला, आणि जिभेचा तिखट. अर्ज उलटसुलट पाहून तो म्हणाला, “सायेब, हे अक्षर तहसिलीसमोरच्या अर्जनवीसाचं हाय. ‘विनंती अर्ज ऐसाजे’ लिवणारा आता त्यो एकच म्हातारा ऱ्हायलाय. इचारू का, कुनी लिवून घेतलं?”

“गरज नाही. मजकूर खरा आहे की खोटा, एवढेच पाहायचे.”

“इचारायला चाच तर लागतोय एक कप.”

मी त्याला नांदेडला पाठवले. लिपिकाची पूर्वीची नेमणूक नायगावला होती, त्यामुळे मुलीचे डॉक्टर नांदेडचे होते. दर महिन्याला तो एस.टी.ने नांदेडला जाई आणि बर्फ घातलेल्या थर्मासमध्ये बाटल्या घेऊन येई. औषध दुकानात ठेवलेल्या बिलांच्या प्रती चार बाटल्यांच्या निघाल्या. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर रोजची मात्रा लिहिलेली होती; ती महिन्याच्या दिवसांनी गुणली तर दोन बाटल्या पुरत होत्या. त्या कार्यालयात दीड वर्षात कोणी हा गुणाकार केला नव्हता.

अर्ज निनावी होता. नियमाप्रमाणे मी तो चौकशीवर ठेवून लिपिकाच्या कार्यालयाचे म्हणणे मागवायला हवे होते. मी थेट गुन्हा दाखल केला. नव्या जिल्ह्यात सरकारी पैशाच्या अपहाराचा पहिला गुन्हा आपल्या ठाण्याने उघड केला, हे वाक्य पुढच्या बैठकीत कसे वाचले जाईल आणि ते ऐकताना कोणाचा चेहरा उतरेल, याचे चित्र माझ्यासमोर तयार होते. त्या वेळी मी या इच्छेला कर्तव्यदक्षता असे नाव दिले होते.

शनिवारी सकाळी लिपिकाला ठाण्यात बोलावले. चाळिशीचा, किडकिडीत, इस्त्रीचा सदरा घातलेला माणूस. बसायला सांगितले तरी उभाच राहिला.

“बिले तुमची?”

“होय साहेब.”

“मुलीला दोन बाटल्या लागतात. चार कशाला घेता?”

“चारही लागतात.”

“एकाच मुलीला?”

तो सदऱ्याची बाही सारखी करू लागला. हवालदार म्हणाला, “बाबूसायेब, बोला की. का गनपतीला नैवेद्य दाखिवता दोन बाटल्यांचा?”

“विकल्या नाहीत साहेब. देवाशपथ विकल्या नाहीत.”

“मग गेल्या कुठे?”

“वापरल्या. बिल चुकीचं आहे, ते मी मान्य करतो. लिहून देतो. पण कोणासाठी वापरल्या ते विचारू नका. ते मी सांगायचं नाही.”

चौकशीविषयीचा माझा अनुभव असा की, स्वतःला वाचवू पाहणारा माणूस पुष्कळ बोलतो. विचारले नाही तेही सांगतो. जो गुन्हा मान्य करतो आणि एकाच प्रश्नापाशी अडतो, तो बहुधा दुसऱ्याची वस्तू सांभाळत असतो. ही गोष्ट मी शिकाऊ फौजदारांना शिकवीत आलो होतो. त्या दिवशी मला तिचा विसर पडला, असे म्हणणे खोटे ठरेल. ती मला आठवली, आणि मी ती बाजूला सारली.

दुपारी दोन पंच आणि लिपिकाला बरोबर घेऊन त्याच्या घराची झडती घेतली. घर स्वच्छ होते, सामान बेताचे. आतल्या खोलीत पतपेढीच्या कर्जातून घेतलेला फ्रीज होता. त्या गल्लीत तेवढा एकच. लिपिकाची पत्नी दाराशी उभी होती. त्यांची मुलगी, दहाएक वर्षांची, आईच्या पदराआडून पाहत होती. फ्रीज उघडला. पाण्याच्या तीन बाटल्या, दह्याची वाटी, आणि वरच्या कप्प्यात औषधाच्या चार लहान बाटल्या. त्यांतील दोन बाटल्यांच्या गळ्याला काळा दोरा बांधलेला होता.

एक पंच किराणा दुकानदार होते, कपाळी भस्माचे पट्टे लावणारे शिवभक्त गृहस्थ. ते हळूच म्हणाले, “नजरेचा दोरा दिसतोय.” मलाही तसेच वाटले. कोणाच्या श्रद्धेच्या वस्तूविषयी पोलिसाने प्रश्न करू नये, असा माझा स्वतःपुरता नियम होता. मी पंचनाम्यात ‘पैकी दोन बाटल्यांस काळा दोरा’ एवढेच लिहवून घेतले.

“साहेब, सगळ्या नेऊ नका,” लिपिकाची पत्नी म्हणाली. “संध्याकाळची सुई आहे.”

“मुद्देमाल आहे बाई. सोडता येत नाही. दुकानातून दुसऱ्या आणा.”

“गावात मिळत नाहीत हो. नांदेड नाहीतर लातूर. बरं, निदान त्या दोन ठेवा. दोऱ्याच्या ठेवा.”

“का? दोऱ्यात काय आहे?”

तिने नवऱ्याकडे पाहिले. त्याने मान खाली घातली. पोलीस म्हणजे प्रश्न विचारणारा माणूस. मी एक विचारला आणि उत्तर मिळण्याआधी चारही बाटल्या कापडात बांधून लाखेचे सील मारले. तासाभरात ती मुलीला घेऊन लातूरच्या एस.टी.त बसली. तिचा भाऊ तिथे असतो, असे शेजारणीला सांगून गेली. लिपिक कोठडीत, बाटल्या मुद्देमालाच्या खोलीत. त्या खोलीवर पत्रे होते आणि बाहेर चैत्राचे ऊन होते.

रविवारी सकाळी मी पूजा आटोपून ठाण्यात आलो, तेव्हा दहा वाजले असतील. पायरीवर ती बाई उभी होती. मोंढ्यातील एका हमालाची बायको, तिशीच्या आतली. हातांना खडीचे घट्टे. लिपिकाच्या घरी ती धुणीभांडी करते, एवढे गल्लीला ठाऊक होते. खांद्यावरची मुलगी डोळे मिटून जोरजोरात श्वास घेत होती.

“सायेब, काल तुमी बाबूंच्या घरून बाटल्या आनल्या. त्यातल्या दोन माझ्या लेकीच्या हायेत.”

“तुमच्या? तुमचा काय संबंध?”

“काळा दोरा म्याच बांधलाय. वळखायची खून म्हनून. वैनीच्या पोरीची अन माझ्या पोरीची बाटली एक हुऊ नाय म्हनून.” ती एका दमात बोलत होती. “काल सांजेला गेले तर दाराला कुलूप. सकाळी बी कुलूप. दोन सुया चुकल्या. पहाटंपासून ओकती हाय, पानी पानी करती हाय. तोंडाला वास बगा, पिकल्या फळावानी. तसा वास आला का पोर हातची जाती, असं नांदेडच्या डाक्टरनं सांगितलंय. कागद नंतर करा, सायेब. आधी बाटली द्या.”

हवालदार खुर्चीतून उठला होता. माझ्या डोक्यात मात्र आधी कायदा आला, हे कबूल करतो. सील केलेला मुद्देमाल न्यायालयाच्या आदेशाशिवाय उघडता येत नाही. न्यायालय सोमवारी. ते वाक्य मी उच्चारलेही असावे, कारण हवालदार म्हणाला, “सायेब, सोमवारपतुर ही पोर ऱ्हात न्हाई. मंग तिचाच पंचनामा करावा लागंल.”

मी खोलीची किल्ली मागितली. समोरच्या चहावाल्याला आणि एका शिक्षकाला पंच म्हणून बोलावले. सील तोडल्याची वेळ, कारण आणि माझी सही असा दुसरा पंचनामा केला. दोऱ्याची एक बाटली बाहेर काढली, उरलेल्या तीन पुन्हा सील केल्या. स्टेशन डायरीत लिहिले की हे मी स्वतःच्या जबाबदारीवर करीत आहे. हवालदार तोवर सरकारी दवाखान्यातून डॉक्टरांना घेऊन आला होता. त्यांनी बाटली उजेडात धरून पाहिली. एका दिवसाच्या उकाड्याने औषध मेलेले नसेल, म्हणाले. आठवडाभर पत्र्याखाली राहिले असते तर नुसते पाणी टोचल्यासारखे झाले असते. त्यांनी सुई दिली आणि मला बाजूला घेतले.

“एवढ्याने भागणार नाही. सलाईन लागेल, लातूरला न्यावं लागेल. गाडी आहे का?”

जीप पाण्याच्या बंदोबस्ताला गेली होती. रविवारची एस.टी. दीड तासाने होती. फोन मात्र एकाला करता येत होता. लातूरच्या त्या ठाण्याला, त्या खुर्चीला, त्या नव्या जीपला.

मी रिसीव्हर हातात घेतला आणि खाली ठेवला. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. दोन मिनिटे असतील. आत एक मूल श्वासासाठी झगडत होते, आणि मी समकालीनाला ‘मदत कर’ म्हणायचे शब्द जुळवीत होतो. शेवटी फोन लावला. मी सगळे सांगायला सुरुवात केली, तर तो म्हणाला, “ते राहू दे. पोरगी कुठं आहे?” पाऊण तासात तो स्वतः आला. नव्या जीपच्या मागच्या बाकावर मुलीला निजवून, तोवर निरोप मिळून धावत आलेल्या तिच्या बापाला बरोबर घेतले आणि गेला. माझ्याकडे त्याने धड पाहिलेही नाही.

जीपमध्ये जागा होती, तरी ती बाई मागे राहिली. दारूगोळ्याच्या रिकाम्या पेटीवर बसून म्हणाली, “सायेब, जाबाब घ्या. अर्ज म्याच लिवून घेतला.”

हवालदाराच्या हातातली लेखणी थांबली. “आगं बये! ज्या ताटात जेवली त्यातच थुकलीस की.”

“व्हय. थुकले.”

मी विचारले, “तुला त्यांनी त्रास दिला?”

“न्हाई.”

“पैसे मागितले?”

“एक पैसा न्हाई. दीड वर्स झालं. पोरीला पैल्यांदा फिट आली तवा नांदेडला नेलं. डाक्टर म्हनले, जल्मभर सुई. महिन्याच्या बाटल्याचा भाव ऐकून आमचे मालक तिथंच खाली बसले. हमालाच्या महिन्याच्या मजुरीत बाटल्या येत्यात, मंग भाकरी येत न्हाई. त्या टायमाला वैनी त्यांच्या पोरीला घिऊन तिथंच बसल्या हुत्या. त्याच म्हनल्या, आमी बघतो. सुई उकळायची त्यांनी शिकवली. निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून दिव्यावर तापवायचं अन रंग बघायचा, ते बी त्यांनीच शिकवलं. निळा आला तर हसायचं, इटकरी आला तर घाबरायचं. आमच्यात फ्रीज कुठला, म्हनून बाटली त्यांच्यात.”

“मग त्यांचा एवढा राग कशाचा?”

ती हातांचे घट्टे चोळू लागली.

“वैनी वाईट न्हाईत, सायेब. वाईट असत्या तर बरं झालं असतं. रोज दोन टायमाला जायाचं. दार वाजवायचं. पोरीचा आजार कुनाला कळू द्यायचा न्हाई, उद्या लगीन कोन करंल? म्हनून लोकाला दाखवायपुरती दोन भांडी घासायची, असं म्याच ठरवलं. मंग दोनाची चार झाली, चाराची धुनं झालं. वैनी कर म्हनल्या न्हाईत. पन नको बी म्हनल्या न्हाईत. फ्रीज उघडला का थंड पान्याच्या बाटल्या. मी तीन तास रांगंत उभं ऱ्हाऊन एक घागर आनते, अन यांच्यात पानी गार करून ठिवलेलं. त्यांची पोरगी दार उघडती अन आत वरडती, ‘आई, बाटलीवाल्या आल्या.’ लेकरू हाय, त्याला काय कळतं. पन आजार त्योच, सुई तीच, औषध तेच. मंग तिची गालं वर कशी अन माझ्या पोरीची आत कशी? रातीला डोळा लागत न्हाई मला. वाटतं, देवानं आजार सारखा दिला, तर बाकीचं बी सारखं द्यायला काय झालं हुतं?”

“अर्ज केल्यावर तुझीही बाटली बंद होईल, हे कळले नाही?”

“बिल बंद हुईल असं वाटलं न्हाई. वाटलं, बाबूला चार दिस ठान्यात बसवतील. वैनीला बी कळंल, कुनाच्या तरी दारात उभं ऱ्हानं काय असतं. एवढंच पायजे हुतं. तुमी फ्रीजमधून बाटल्या उचलून न्याल, हे सपनात बी न्हवतं.”

ते माझ्याही स्वप्नात नसायला हवे होते.

मी तिला आदल्या दुपारची गोष्ट सांगितली. लिपिकाच्या पत्नीने, निदान दोन ठेवा, दोऱ्याच्या ठेवा, असे म्हटले होते ती. स्वतःची मुलगी शेजारी उभी असताना तिने आधी दोऱ्याच्या मागितल्या. हे सांगावे की नाही, याचा मी विचार केला होता. जबाब पूर्ण व्हायचा तर ते तिला कळणे आवश्यक होते. ती रडली नाही. उठली, ठाण्याच्या भिंतीला कपाळ टेकून उभी राहिली, आणि हवालदाराने तिला उन्हातून एस.टी. थांब्यावर पोहोचवले.

दुपारच्या गाडीने लिपिकाची पत्नी लातूरहून परतली. थर्मासमध्ये दोन बाटल्या होत्या. एका बाटलीला तिने भावाच्या घरून मागून घेतलेला काळा दोरा बांधून आणला होता. मी तिला अर्जाविषयी सांगितले नाही. कोठडीतल्या नवऱ्याने मात्र, मी त्याच्यापुढे बाईचा जबाब ठेवल्यावर, एवढेच विचारले, “पोरगी वाचली ना?”

वाचली. पाच दिवस रुग्णालयात होती.

पुढचे कागद सरळ आहेत. अपहार सिद्ध झाला, असे मी लिहू शकत नव्हतो, आणि झालाच नाही असेही नाही. वरच्या दोन बाटल्यांचा पैसा त्याने स्वतःसाठी घेतला नव्हता. तरी दुसऱ्याच्या मुलीचे औषध स्वतःच्या मुलीच्या नावाने सरकारातून घेतले होते. मी जे होते ते लिहिले. त्याने रक्कम हप्त्यांनी परत केली, कार्यालयाने त्याच्या दोन वेतनवाढी रोखल्या, न्यायालयाने आमचा अंतिम अहवाल स्वीकारला. सील तोडल्याबद्दल माझा खुलासा मागवला गेला आणि लेखी ताकीद सेवापुस्तकात बसली. ती योग्यच होती. फक्त ती सील तोडल्याबद्दल होती, आणि माझा खरा दोष सील मारण्यात होता. त्याची ताकीद कोणत्याही पुस्तकात नाही.

लिपिकाच्या पत्नीला अर्जाचे सत्य शेवटी नवऱ्याकडून कळले. मी ते घडताना पाहिलेले नाही, हवालदाराने सांगितले. ती स्वतः त्या हमालाच्या घरी गेली. काखेत कोरे मडके, त्यात वाळू. मडके कोपऱ्यात ठेवले, वाळू भिजवली, बाटली तिच्यात रोवली आणि म्हणाली, “वाळू सुकू देऊ नकोस, ओली असली की बाटली गार राहते. दिवसातनं तीनदा पाणी शिंपड. बाटली आता तुझ्याच घरात राहील. माझ्या दारी येऊ नकोस.” बाई तिच्या पायाशी वाकली, तर ती मागे सरली. “पाया पडू नकोस. मला अजून राग आहे.”

त्या बाईचा नवरा मोंढ्यातल्या ज्या आडत्याकडे हमाली करी, त्याने दुकानाच्या धर्मादायातून बाटल्यांचा खर्च उचलायची तयारी दाखवली. दर पोत्यामागे देवाधर्मासाठी काढून ठेवायची ती रक्कम. दुष्काळात पोतीच कमी, तरी निघे. मुलीचा आजार गावाला कळू देणार नाही, असेही त्याने आपणहून कबूल केले. बाई त्याला म्हणाली, “कळू द्या, अप्पा. लपवून लपवून तर हे झालं.”

पुढे माझ्या हाताखाली अनेक तरुण अधिकारी आले. निनावी अर्ज आला की ते आरोपीच्या शत्रूंची यादी करायला बसत. मी त्यांना सांगत असे, ती यादी मागाहून करा. आधी पाहा, या माणसाच्या दारात रोज कोणाला उभे राहावे लागते. आणि अर्जातील मजकूर खरा निघाला, तरी तो कशासाठी लिहिला हे विचारल्यावाचून घरात पाऊल टाकू नका. शत्रू खोटे लिहितो. ज्याने घरचे मीठ खाल्ले आहे, तो खरे लिहितो, कारण त्याला ते जवळून ठाऊक असते.

एवढे मी त्यांना सांगितले. जे सांगितले नाही, ते इथे लिहितो. त्या रविवारनंतर माझ्या समकालीनाने त्या मदतीचा एकदाही उच्चार केला नाही. बैठकीत भेटला की माझ्यासाठी शेजारची खुर्ची धरून ठेवू लागला. माझ्या आधी त्याला बढती मिळाली. मी कृतज्ञ होतो, देवापुढे त्याचे नाव घेऊन त्याचे कल्याण मागत होतो. आणि त्याच्याविषयीचा मत्सर त्या उपकाराने शांत होण्याऐवजी पूर्वीपेक्षा वाढला होता. तो चांगला माणूस होता. वाईट असता तर बरे झाले असते, असे एके दिवशी संध्या करताना माझ्या मनात आले, आणि त्या बाईचा जबाब मला तेव्हा कुठे पुरता कळला.